बाजाराला गिऱ्हाईक पाठवतं कोण?

पणजीचा अठरा जून रस्ता ओस पडलाय असं कुणी सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही, आणि ते खरंही नाही. चर्चच्या बाजूने सांत इनेजकडे चालत जा. पर्यटनाच्या हंगामात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. काजूगर, दारू, मसाले, टी-शर्ट, परत काजूगर. पण ताळगाव, रायबंदर, सांताक्रूझ इथल्या जुन्या माणसाला विचारा, या रस्त्यावर शेवटचं काय घेतलंत? त्याला आठवावं लागतं. जूनमध्ये गणवेश आणि वह्या, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मुलांचे कपडे, लग्नाचा बस्ता, चष्म्याची काच, चपलेचा टाका, घड्याळाचा पट्टा, हे सगळं एका फेरीत उरकायचा हा रस्ता होता. आज दुकानं उघडी आहेत, गर्दी आहे, आणि तरीही गावच्या माणसाचा बाजार तिथून उठला आहे.

शहराच्या मध्यातला बाजार ओसरतो तो दोन तऱ्हांनी. एका तऱ्हेत दुकानं बंद पडतात, शटरं खाली येतात, रस्ता रिकामा होतो. ब्रिटनच्या अनेक शहरांत हे घडलं. दुसऱ्या तऱ्हेत दुकानं भरलेली राहतात, पण ज्याच्या जिवावर बाजार बाराही महिने चालायचा ते स्थानिक गिऱ्हाईक निघून जातं. पणजी या दुसऱ्या तऱ्हेत मोडते. म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा इथे दोन्ही मिसळलेलं दिसतं: खाली दुकान चालू, वरचा मजला कित्येक वर्षं बंद, आणि शेजारच्या गाळ्याच्या शटरला गंज.

असं का झालं विचारलं की तीन उत्तरं ठरलेली असतात. ऑनलाइन, मॉल आणि पार्किंग. तिन्हींत तथ्य आहे. पण एवढ्यावर थांबलं तर उपायही चुकीचे सुचतात, म्हणून जरा मुळापासून पाहू. माझं म्हणणं असं, की बाजारातलं बहुतेक गिऱ्हाईक दुकानदाराने आणलेलं नसतंच. ते कोर्टाने पाठवलेलं असतं, इस्पितळाने, बसस्थानकाने, शाळेने, सिनेमाने, सरकारी कचेरीने पाठवलेलं असतं. गोव्यात हे पाठवणारे एकेक करून शहराबाहेर गेले, आणि त्यांच्या मागोमाग बाजार काय होईल याचा हिशेब कुणी मांडला नाही.

दुकानाला दुकान का चिकटतं

कापडवाला कापडवाल्याच्या शेजारी, सोनार सोनाराच्या शेजारी का बसतो? वरवर पाहता दोघांचंही नुकसान. हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये या कोड्याचा एक पैलू गणिताने मांडला होता: एकाच प्रकारचा माल विकणारे दोन विक्रेते गिऱ्हाईक ओढण्याच्या स्पर्धेत सरकत सरकत एकमेकांच्या जवळ येतात. दुसरा पैलू प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. दहा दुकानं एका ओळीत असली तर ती घरातून निघताना निश्चिंत असते, की एकीकडे नाही पटलं तर दुसरीकडे मिळेल. एकटंदुकटं दुकान ही खात्री देऊ शकत नाही. म्हणजे प्रत्येक दुकान शेजाऱ्याच्या नावावर आलेल्या गिऱ्हाइकावरही जगत असतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे जोडकाम. पेडण्याचा माणूस तारखेला कोर्टात यायचा. वकिलाची वाट बघताना चहा-भजी, मग स्टॅम्प पेपर, मग झेरॉक्स, आणि परतताना फार्मसीतून आईची औषधं, पाव, मुलीला चपला. घरातून निघताना यातल्या चपलांचा विचारही त्याच्या मनात नव्हता. चपलेच्या दुकानदाराने त्या गिऱ्हाइकासाठी एक पैसाही जाहिरातीवर घातलेला नव्हता. कोर्टाने त्याला पाठवलं होतं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हे याचं सर्वांत जुनं आणि अजून तग धरून असलेलं उदाहरण. बार्देस, पेडणे, डिचोली इथल्या बाया हरमलची मिरची, मयड्याची केळी, चोरीस (गोव्याचं सॉसेज), मातीची भांडी, झाडांची रोपं घेऊन बसतात. मिरचीसाठी आलेली बाई बँकेत जाते, दाताच्या डॉक्टरकडे जाते, शिंप्याकडे ब्लाउज टाकते. शुक्रवारी म्हापशात कुठल्याही दुकानदाराच्या गल्ल्याला विचारा, तो मिरचीवालीला दुवा देईल. ती मात्र पालिकेला दिवसाचा सोपो (बाजारात बसण्याची फी) देऊन जमिनीवर बसलेली असते, आणि तिच्यामुळे पक्क्या इमारतीतल्या दुकानाचं भाडं निघतं हे कुठल्याच हिशेबवहीत लिहिलेलं नसतं.

तिसरा आधार रहिवाशांचा. वरच्या मजल्यावर कुटुंब राहतं तिथे खाली सकाळी सातला पोदेर म्हणजे पाववाला येतो, रात्री साडेआठलाही पसरकाराकडे म्हणजे वाण्याकडे कुणीतरी साखर न्यायला उतरतं. पाहुणे येतात-जातात, पावसात बाजार थंडावतो, तेव्हा दुकानाला हाच रोजचा खप तारून नेतो.

पाठवणारे कसे गेले

आता गेल्या तीसेक वर्षांतली हलवाहलव एका ओळीत मांडून बघा. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ पणजीच्या कांपालहून बांबोळीच्या पठारावर गेलं. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर झालं. विधानसभा २००० साली मांडवीपलीकडे पर्वरीला गेली, सचिवालयही तिकडे गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या इमारतीत गेलं. उत्तर गोव्याचं जिल्हा न्यायालय मेरशीला गेलं. म्हापशाचं आझिलो इस्पितळ भर गावातून पेडेला गेलं. मडगावच्या ओस्पिसियो या जुन्या इस्पितळाचं काम नव्या जिल्हा इस्पितळाच्या इमारतीत गेलं. कदंबचं बसस्थानक पणजीत खाडीपलीकडे पाटोला, मडगावात फातोर्ड्याच्या बाजूला. पणजीची सिने नॅशनल आणि एल दोरादो ही थिएटरं बंद पडली.

यातला एकही निर्णय मूर्खपणाचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. आझिलोच्या जुन्या खोल्यांत रुग्णांचे हाल व्हायचे. बांबोळीला आज जेवढं मोठं इस्पितळ उभं आहे तेवढं कांपालला मावलंच नसतं. जुन्या कोर्टांत अशिलाला उभं राहायला सावली नव्हती. प्रत्येक संस्थेने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला. चूक आहे ती बेरजेची. दहा शहाण्या निर्णयांची बेरीज म्हणून शहराचा मध्य पोकळ होऊ शकतो, आणि ही बेरीज करण्याची जबाबदारी ना पालिकेची, ना बांधकाम खात्याची, ना नगरनियोजनाची, अशी कुणाचीच ठरलेली नव्हती.

संस्था गेली की तिच्याबरोबर छोटे व्यवसाय जातात तेही बघण्यासारखं आहे. इस्पितळाबाहेर शहाळीवाला, फळवाला, फार्मसी, स्वस्त लॉज, रुग्णाच्या नातेवाइकांना दोन वेळा जेवू घालणारी खाणावळ. कोर्टाबाहेर नोटरी, टंकलेखक, झेरॉक्सवाला. यातले काही जण मागोमाग नव्या जागी गेले, पण तिथे बाजार झाला नाही. रस्त्याकडेला गाडे झाले. पठारावर इस्पितळ एकटं उभं आहे. तिथून बाहेर पडणारा माणूस चपला घ्यायला थांबत नाही, कारण थांबण्यासारखं तिथे काही नाही. म्हणजे जोडकाम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलंच नाही, ते मोडलं.

रहिवाशांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत साधारण ४० हजार माणसं होती, तर आजूबाजूच्या वस्त्या धरून पणजी नागरी समूहात १ लाख १४ हजारांवर. घर घ्यायचं तर ताळगाव, सांताक्रूझ, पर्वरी, मेरशी. मुलं मात्र पणजीतल्या जुन्या शाळांत. म्हणूनच शाळा सुटताना शहरात वर्दळ दिसते ती गाड्यांची असते. मुलाला उचलायचं आणि पुलाकडे निघायचं. पणजीत अजून शाळा आहेत हे तिचं मोठं भाग्य. उद्या त्याही 'जागा अपुरी' म्हणत पठारावर निघाल्या तर काय उरेल याची मला खरोखर भीती वाटते.

भाडं, वारस आणि बंद शटर

मध्यवर्ती जागा सोन्याच्या भावाची, मग तिथे गाळे बंद का? याचं उत्तर गोव्याबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, कारण त्यात आपले दोन खास कायदे आहेत.

पहिला भाडेनियंत्रणाचा, १९६८ चा. मुक्तीनंतर शहरांत माणसं येत होती, जागा कमी होत्या, घरमालक मनमानी करू शकत होते. म्हणून भाडेकरूला संरक्षण दिलं. त्या काळी ते गरजेचं होतं. पण भाडं गोठलं आणि महागाई चालत राहिली. आज एकाच इमारतीत एक जुना भाडेकरू नाममात्र भाडं देतो आणि शेजारचा नवा भाडेकरू आजच्या बाजारभावाने. मालकाला जुन्या भाड्यातून कौलं बदलायचाही खर्च सुटत नाही, म्हणून तो हात लावत नाही. भाडेकरू जागा आपली नाही म्हणून पैसा घालत नाही. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, वासे कुजतात, वरचा मजला धोकादायक ठरतो आणि बंद होतो.

दुसरा वारशाचा, पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. लग्न झालं की सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघंही मालमत्तेचे अर्धे-अर्धे धनी. आणि मृत्युपत्र केलं तरी हक्काच्या वारसांचा अर्धा वाटा त्यांच्याकडून काढता येत नाही. मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी ही पद्धत न्यायाची आहे आणि तिचा आपल्याला अभिमान असावा. पण तिचा बाजारपेठेवर एक परिणाम होतो. आजोबांच्या नावचं दुकान तीन पिढ्यांत पंधरा-वीस जणांचं होतं, वर प्रत्येकाचा जोडीदार. कुणी मडगावात, कुणी मुंबईत, कुणी लिस्बनला, कुणी कॅनडात. विकायचं असो, दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचं असो की पाडून बांधायचं असो, सगळ्यांच्या सह्या लागतात. वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा दावा लावला तर वर्षं जातात. म्हणून शटर बंद. मालकाला भाडं नको असतं असं नाही, मुळात 'मालक' असा एक माणूसच नसतो.

शिवाय गाळा बंद ठेवणं जवळजवळ फुकट आहे. घरपट्टी एवढी किरकोळ, की भाव वाढेपर्यंत थांबायला काही त्रास नाही. इंग्लंडमध्ये हे उलट आहे. तिथे दुकान रिकामं झालं की साधारण तीन महिन्यांची सूट, मग मालकाला धंद्यावरचा स्थानिक कर भरावाच लागतो. डिसेंबर २०२४ पासून तर तिथल्या पालिकांना आणखी एक अधिकार मिळाला: दोन वर्षांच्या काळात वर्षभराहून अधिक दिवस रिकामं राहिलेलं मध्यवर्ती भागातलं दुकान पालिका लिलावाने भाड्याने देऊ शकते. आपल्याकडे हे जसंच्या तसं आणता येणार नाही, कारण वीस मालकांपैकी नोटीस कुणाला द्यायची हाच प्रश्न पहिला येईल. पण रिकाम्या गाळ्याला काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे, हे तत्त्व घेण्याजोगं आहे.

आता समजा एखादी जागा या सगळ्यातून सुटली आणि नव्या भाड्याने निघाली. भाडं महिना १ लाख धरू. वह्या-पुस्तकं विकणाऱ्याला शंभर रुपयांच्या विक्रीत पंधरा सुटतात असं मानलं, तर फक्त भाड्यापुरतं कमवायला त्याला महिन्याला साडेसहा लाखांहून जास्त विक्री हवी. रविवार सोडला तर रोज पंचवीस हजारांवर. कामगारांचा पगार, वीज, स्वतःचं घर हे त्यानंतर. वह्यावाल्याला ते शक्य नाही. शिंप्याला नाही, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला तर नाहीच. शक्य आहे ते कुणाला? जो एका गिऱ्हाइकाला पाच हजारांचा माल देतो आणि ज्याचं गिऱ्हाईक परत येण्याची गरज नाही त्याला. म्हणून काजू, म्हणून दारू, म्हणून मोबाइल, दागिने, मोठ्या ब्रँडची शोरूम. अठरा जून रस्त्याचा चेहरा का बदलला ते या एका हिशेबात सापडतं. काजूवाल्यांवर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांच्या मालाला मागणी आहे आणि तो माल आपल्याच मातीतला आहे. चिंता एवढीच, की एकाच हंगामी गिऱ्हाइकावर उभा असलेला रस्ता हंगाम बिघडला की सगळाच्या सगळा बसतो. टाळेबंदीत २०२० साली आपण ते पाहिलं.

स्विंडनचं काय झालं

ब्रिटनमधल्या स्विंडन शहरात गोव्यातली मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली किती तरी कुटुंबं तिथे स्थिरावली. आपल्यापैकी अनेकांचे कुणी ना कुणी तिथे आहे. त्यांना फोनवर विचारा, टाऊन सेंटरला जाता का? नको, तिथे जाऊन करायचं काय, असं उत्तर बहुतेक येईल. हे शहर वाढलं ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याभोवती. कारखाना बंद झाला आणि १९९७ मध्ये त्याच दगडी इमारतींत ब्रँडेड मालाचं मोठं आउटलेट सुरू झालं. इमारती वाचल्या, हे छान झालं. पण ते आउटलेट आहे रेल्वेरुळांच्या पलीकडे. गाडीने येणारा तिथेच गाडी लावतो, तिथेच खातो आणि परत जातो. शहराचा मध्य चालत जाण्याच्या अंतरावर असूनही त्याला तिथे पाऊल टाकायचं कारण उरत नाही.

ब्रिटनमधली पडझड आपल्यापेक्षा खूप वेगाने झाली, कारण तिथल्या मुख्य रस्त्यांवर साखळी दुकानं होती. वुलवर्थ्सची साधारण ८०० दुकानं जानेवारी २००९ पर्यंत बंद झाली. २०१६ मध्ये बीएचएस गेलं. मे २०२१ पर्यंत डेबनहॅम्सचं शेवटचं दुकान मिटलं. निर्णय एका ठिकाणी झाला आणि शंभर गावांच्या मध्यावर एकाच महिन्यात भलीमोठी रिकामी इमारत उभी राहिली. तिच्या आसपासची छोटी दुकानं तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालायची. तीही मागोमाग गेली. आपल्याकडे दुकानं घरची आहेत. ती एकदम जात नाहीत. म्हातारे मालक थकतात, मुलगा दुबईला किंवा बँकेत असतो, आणि एक दिवस शटर वर जात नाही. त्यामुळे आपल्याला धक्का बसत नाही, बातमी होत नाही आणि वेळ हातातून जातो.

तिथल्या सरकारला एक गोष्ट मात्र आपल्याआधी कळली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून नियोजनाचा नियम झाला, की शहराबाहेर मोठं दुकान बांधायचं असेल तर आधी मध्यवर्ती भागात आणि त्याच्या कडेला जागा नाही हे दाखवा. उशिरा आलेला, पळवाटांचा नियम, पण निदान प्रश्न विचारणारा. गोव्यात तसा प्रश्न विचारला जात नाही. उलट नगरनियोजन कायद्यात २०२४ साली आलेल्या कलम ३९ अ सारख्या तरतुदींनी जमिनीच्या एकेका तुकड्याचा झोन, म्हणजे ती कशासाठी वापरायची ते, सुटा सुटा बदलता येतो. त्यावर आंदोलनं झाली ती शेतजमिनी आणि डोंगर वाचवण्यासाठी. ती झालीच पाहिजेत. पण महामार्गाकडेला नवी शोरूम उभी राहते तेव्हा म्हापशाच्या बाजारातून काय वजा होतं, हाही त्याच चर्चेचा भाग हवा.

मॉल, ऑनलाइन आणि पार्किंग

बंदिस्त मॉलची कल्पना ज्याच्या नावावर आहे तो व्हिक्टर ग्रुएन व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला वास्तुविशारद. त्याचा पहिला बंदिस्त मॉल, साउथडेल, मिनेसोटात १९५६ मध्ये उघडला. उपनगरातल्या लोकांना व्हिएन्नासारखा चालता येईल असा चौक मिळावा, भोवती घरं, शाळा, दवाखाना असावा ही त्याची इच्छा होती. बांधणाऱ्यांनी त्यातली दुकानं आणि पार्किंग घेतलं, बाकीचं सोडून दिलं. पुढे ग्रुएनने या मॉलशी आपला संबंध नाकारला. पर्वरीच्या मॉल दे गोवात गेल्यावर हे आठवतं: आत सगळं आहे, पण ज्याला गाडी नाही त्याला तिथे पोचणं अवघड आणि आत बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं.

ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतं आहे. ब्रिटनमध्ये किरकोळ विक्रीचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग ऑनलाइन होतो. आपल्याकडे तो वाटा अजून खूप लहान आहे. एवढंच लक्षात घ्यावं, की ऑनलाइन पहिल्यांदा खातं ते जोडकामातलं गिऱ्हाईक. मोबाइलचा चार्जर, मुलांची खेळणी, पुस्तक, चपला. 'पणजीला गेलो की आणू' या यादीतल्या वस्तू.

आणि यादी छोटी करणारे सगळेच परके नाहीत. राज्य फलोत्पादन महामंडळाचे स्वस्त भाजीचे गाडे गावोगावी आले, त्यामुळे बेळगावची भाजी दारात मिळते. बागायतदार सहकारी संस्थेची बाजार दुकानं तालुक्यातालुक्यात आहेत. गावच्या बाईचा वेळ आणि बसभाडं वाचलं, हे उत्तमच. फक्त शहराकडे जाण्याचं आणखी एक कारण कमी झालं, हेही मान्य करायला हवं. यावर उपाय भाजीचे गाडे बंद करणं हा नाही. शहराने दुसरी कारणं द्यायला हवीत.

पार्किंगवर थोडं थांबतो, कारण व्यापारी संघटनांच्या बैठकीत यावरच सर्वांत जास्त आवाज चढतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात दुकानदारांना विचारलं होतं, तुमचं किती गिऱ्हाईक मोटारीने येतं? त्यांचा अंदाज होता ४१ टक्के. गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. दुकानदाराला दाराशी उभी असलेली गाडी दिसते, बसमधून उतरून चालत आलेला माणूस डोळ्यांत भरत नाही. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा शहराने १९९९ पासून मध्यातून गाड्या बाहेर काढल्या आणि तिथला मध्य पुन्हा गजबजला. कोपनहेगनने आपला स्त्रोयेट रस्ता १९६२ मध्येच पादचाऱ्यांना दिला. आपल्या देशात गंगटोकचा महात्मा गांधी मार्ग गाड्यांविना आहे आणि त्या गावाची सगळी वर्दळ तिथेच असते.

म्हणून उद्या अठरा जून रस्ता गाड्यांना बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. गोव्यात नोंदलेली वाहनं लोकसंख्येच्या जवळपास पोचली आहेत, ती हौस म्हणून नव्हे. रात्री आठनंतर गावची बस मिळेल याची खात्री नसते. तिसवाडीच्या एखाद्या गावातल्या मुलीला संध्याकाळी सहाला सुटून बाजार करायचा असेल तर तिला स्कूटर लागतेच. गाड्या काढण्याआधी रात्री साडेनऊ-दहापर्यंतच्या बसेस आल्या पाहिजेत. क्रम उलटा केला तर पायी चालायला रस्ता मोकळा मिळेल, चालणारं कुणी नसेल.

क्रम उलटला की काय होतं ते स्मार्ट सिटीच्या कामांत दिसलं. पणजीची निवड २०१६ मध्ये झाली; रस्ते प्रत्यक्षात उकरले गेले ते एकदम, चहूबाजूंनी. धूळ इतकी, की उच्च न्यायालयाचे न्यायाधीश २०२४ मध्ये स्वतः कामं पाहायला रस्त्यावर उतरले. मलनिस्सारणाच्या वाहिन्या हव्याच होत्या, पण दुकानासमोर महिनोन्‌महिने चर असला की गिऱ्हाईक दुसरीकडची वाट धरतं, आणि सवय एकदा बदलली की चर बुजवल्यावर परत येत नाही. खाजन शेतीत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीत, बांधाला खांड पडली तर ती त्याच भरतीआधी बुजवावी लागते. खारं पाणी एकदा आत शिरलं की बांध नंतर कितीही पक्का केला तरी पुढची काही वर्षं भात येत नाही. बाजाराची सवय मोडते तीही अशीच.

काय अजून जिवंत आहे, आणि का

चवथीच्या आदल्या दोन दिवसांत पणजी, म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव कुठेही जा. गणपतीवर टांगायच्या माटोळीचा बाजार भरलेला असतो. सत्तरी, सांगे, केपे इथल्या रानातून आणलेली फळं, वेली, सुपाऱ्यांचे घड, नारळाच्या पेंडी. मडगावच्या पुरुमेंताच्या, म्हणजे बेगमीच्या, फेस्तात पावसाळ्याआधी मिरच्या, सुकी मासळी, आमसुलं घ्यायला आजही माणसं येतात. नुस्त्याच्या (मासळीच्या) बाजारात रोज सकाळी घासाघीस चालते. हे बाजार ऑनलाइनने खाल्ले नाहीत, मॉलने खाल्ले नाहीत.

परंपरा म्हणून ते टिकले असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्यामागे साधं अर्थकारणही आहे. विकणाऱ्याला गाळा घ्यावा लागत नाही, पागडी नाही, करार नाही. सोपो भरला आणि बसलं. दोन दिवसांसाठी बसता येतं. माल असा, की पाहून, हुंगून, विकणारीशी बोलून घ्यावा लागतो. कोणती वेल माटोळीला चालते हे तिला ठाऊक असतं आणि विकत घेणाऱ्या तरुण जोडप्याला नसतं. म्हणजे जागा स्वस्त आणि विक्रेता जाणकार. मध्यवर्ती बाजारातल्या पक्क्या दुकानांनी या दोन्ही गोष्टी हळूहळू गमावल्या: जागा महाग झाली आणि काउंटरवरचा पोरगा गेल्या महिन्यात लागलेला.

पालिकांच्या हातात मार्केटच्या इमारती आहेत, मालकीचे गाळे आहेत. यातले काही तीन-तीन महिन्यांच्या मुदतीने, कमी भाड्यात, नवा धंदा करू पाहणाऱ्याला देता येतील. पणजीच्या मळा भागातला पोळे-उसळ करणारा, साळगावची मुळा-लालभाजीवाली, कुंभार, बांबूच्या सुपल्या विणणारा, कुणबी साडी विणणारे हात. माटोळीच्या बाजाराला चालतो तोच नियम वर्षभरासाठी. त्यासाठी आधी मार्केटमधल्या जुन्या गाळ्यांचे लटकलेले करार मार्गी लावावे लागतील. हे कंटाळवाणं, मतं न मिळवून देणारं काम आहे आणि ते टाळलं जातं.

आणि सर्वांत तातडीची गोष्ट. अठरा जून रस्त्यावरचं जुंता हाऊस मोडकळीला आलं आहे. त्यातली सरकारी खाती हलवून तिथे नवी इमारत बांधायची चर्चा आहे. दाखला, नोंदणी, परवाना यासाठी तिथे येणारा प्रत्येक माणूस हे त्या रस्त्याचं गिऱ्हाईक आहे. ही खाती पाटोला, पर्वरीला किंवा पठारावर कायमची गेली तर पाठवणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढेल. नवा आराखडा येईल तेव्हा पणजीकरांनी आणि रस्त्यावरच्या दुकानदारांनी मिळून विचारायला हवं: यातली किती खाती परत इथेच येणार, ते लेखी सांगा. तळमजल्यावर काय असणार, बँक आणि शोरूम, की पालिकेच्या भाड्याने छोटी दुकानं? वरच्या मजल्यांवर राहती घरं ठेवणार का? बसथांबा दारात की गल्लीत? हे प्रश्न इमारतीचा नारळ फुटण्याआधी विचारले तरच त्यांना उत्तर मिळेल.